व्याहाड गाळलं की घंटी

चंद्रपुरात आमचा रविवारचा सायकल ग्रुप आहे. हेल्मेट, भडक टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या, सगळं रीतसर. यंदा दिवाळीनंतर कुणीतरी टूम काढली, सायकलवरून गावोगावच्या लोककला बघायच्या. "ताई, तुमचे बाबा दंडारीत गायचे ना? मूलकडची वाट तुम्हीच दाखवा," सगळे म्हणाले. मी हो म्हणून बसले आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आता दाखवायचं काय, डोंबल?

बाबा मूलच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते. आमच्या गावापासून मिलपर्यंतचा रस्ता रानातला. अशा वाटेवर आमच्याकडे कुणी मुकाट्यानं सायकल चालवत नाही. वाघ अचानक समोर आला तर बिथरतो. माणूस येतंय हे त्याला आधी कळलं की तो आपणहून बाजूला होतो. कुणी खोकतं, कुणी मोठमोठ्यानं बोलतं. बाबा गायचे. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथं दिवसाढवळ्या दंडार व्हायची, तिच्यातलं ते गाणं. लेकीला माहेरी आणायला बाप निघतो आणि एकेका कडव्यात एकेक गाव ओलांडतो. मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगा आणि पल्याड लेकीचं सासर.

माझी शाळा मूलला. मी मागे कॅरिअरवर बसलेली, आणि रस्त्यात वर्गातल्या मुली दिसल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी बाबांच्या पाठीत बुक्की मारली. म्हटलं, गप बसा ना!

"काऊन लाजून राह्यली वं?" ते हसत म्हणाले. "तुह्या मैतरणीसाठी नाई गाऊन राह्यलो. वाघासाठी गाऊन राह्यलो."

मंडईत त्यांची दंडार बघायलाही मी कधी गेले नाही. डोक्याचं दुखणं, पोटाचं दुखणं, दरवर्षी काहीतरी निघायचंच.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्यांची जीभ नेली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, बोलणं गेलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी ते सायकल पुसायला बसले. आईनं चावी पदराला बांधली.

"तुह्या बापाले सांग," ती मला म्हणाली, "आवाज नाई तं रानातून जाचं नाई."

सांगायला तर ते समोरच बसले होते. सायकलच्या सीटवर हात ठेवून नुसते माझ्याकडे बघत राहिले. वर्षानुवर्षं पोती वाहिलेला माणूस, आणि त्याला मिलसमोरच्या टपरीवर चहा प्यायला जायची परवानगी मिळत नव्हती. मी ऑफिसातून महिन्याची सुट्टी काढली आणि आईला म्हटलं, मी जाते संगं. मी गाते.

मला येत होतं कुठे! अर्धे शब्द विसरलेले, आणि बाबांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. मी पुढे, ते त्यांच्या सायकलवर मागे. पहिल्याच दिवशी मी गाण्यातल्या बापाला सावलीहून थेट वैनगंगेवर नेलं. मागून घंटी वाजली. मी गातच राहिले. घंटी थांबेना. शेवटी सावलीला परत आले, आठवून आठवून व्याहाडचं कडवं म्हटलं, तेव्हा कुठे ती गप्प झाली. मग रोज तेच. शब्द चुकला, घंटी. आवाज बारीक झाला, घंटी. मी वैतागून म्हणायचे, "बाबा, वाघाले काय समजते व्याहाड?" ते खांदे उडवायचे. व्याहाड मात्र मी हटकून विसरायचे. महिना संपता संपता एकदा अख्खं गाणं बिनचूक झालं. मिलपाशी उतरून मी मागे पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

पावसाळ्याआधी दुखणं उलटलं. पुन्हा त्या वाटेवर आम्ही सोबत गेलो नाही.

तर त्या रविवारी मी ग्रुपला घेऊन गेले. रान लागलं तसं सगळ्यांना म्हटलं, इथं गप्प राहायचं नाही. एकानं लगेच मोबाइलवर सिनेमाचं गाणं मोठ्यानं लावलं. माझं डोकंच फिरलं. "बंद करा ते," मी खेकसले, आणि स्वतः गायला लागले. मूल झालं. सावली झाली. ज्या आवाजाची मला शाळेत लाज वाटायची त्यातलं थोडंसं माझ्या गळ्यात उतरलंय, हे मला गाता गाताच जाणवलं.

व्याहाड मला चांगलं आठवत होतं. मी मुद्दाम गाळलं. सावलीहून थेट वैनगंगेवर गेले, पायडल थांबवलं आणि मागे कान लावला.

मागे दहा सायकली होत्या. प्रत्येकीला घंटी होती.

"वा, ताई!" कुणीतरी म्हणालं. "काय सुंदर गाता हो तुम्ही!"