तीन दिवसांचा पाहुणा

ह्यांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा आम्ही भवानीपुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ह्यांच्या कचेरीचा फुटबॉलचा संघ होता आणि साहेबांना त्याचं भारी वेड. एके सकाळी हे एका बंगाली तरुणाला घरी घेऊन आले.

"तीन दिवस राहील. दाराला कडी लावून ठेव. कुणाजवळ बोलू नकोस."

तो हावड्याच्या एका क्लबाकडून खेळे. त्याला तो क्लब सोडून कचेरीच्या संघात यायचं होतं, पण नव्या हंगामाच्या करारावर सह्या व्हायच्या दिवसांत जुन्या क्लबाची माणसं खेळाडूला हुडकून परत नेत. मराठी बिऱ्हाडात त्याला कोण शोधणार, असं साहेबांना वाटलं.

तो एका जागी म्हणून टेकत नसे. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत त्याच्या येरझारा चालत. त्या पाहून मलाही स्वयंपाकात काही सुचेना. मला तो 'बौदी' म्हणे, म्हणजे वहिनी. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत.

"सबंध हंगाम मला नुसतं बाहेर बसवलं," तो म्हणाला. "इथे कायमची नोकरी देणार आहेत. आई आहे ना घरी."

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्याबरोबर साहेब आणि संघाचे चिटणीस आले. तो आतल्या खोलीत होता. मध्ये नुसता पडदा. मी चहा गाळत होते. त्यांचं बोलणं हिंदीत चाललं होतं.

"डावा पाय उत्तमच आहे," चिटणीस म्हणाले. "पण उजवा गुडघा? जिना चढताना कठडा धरतो तो."

"किती चालेल?"

"दोन वर्षं. फार तर."

"मग कायम कशाला करायचं? हंगामी घेऊ. सही झाली की सांगू त्याला."

हे मान खाली घालून बसले होते. मला पाहायला आलेल्या मंडळींनी दारापर्यंत चालून दाखवायला लावलं होतं, ते मला आठवलं.

हे त्यांना पोचवायला खाली गेले. तो बाहेर आला.

"ऐकलंत, बौदी?"

"ऐकलं."

"गुडघा दुखतो हे खरं आहे." तो दाराशी गेला. "कडी काढता?"

ह्यांची बढती त्याच साहेबांच्या हाती होती. तरी मी कडी काढली आणि मागचा जिना दाखवला.

हे परत आले तेव्हा मी सरळ सांगितलं. ते ओरडले नाहीत. "आता मी त्यांना काय सांगू?" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बढती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली.

तो जुन्या क्लबातच राहिला. पुढच्या हंगामात खेळलाही. पण दुसऱ्या वर्षी गुडघ्याने दगा दिला, असं ह्यांच्या कानावर आलं. चिटणिसांचा अंदाज बरोबर निघाला होता. दोन वर्षांचा का होईना, कचेरीचा पगार त्याच्या घरात आला असता. तो पगार माझ्यामुळे गेला की त्याच्या मानीपणामुळे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.