मुंजाबाच्या गाळलेल्या ओळी

मुंजाबाची पत्रं मी अकरा वर्षं वाचली आणि त्यातलं एकही जसं लिहिलं होतं तसं वाचलं नाही. पत्रं मला आलेली नव्हती. ती त्याच्या आईला, बानाबाईला यायची, आणि तिला अक्षरओळख नव्हती म्हणून मी वाचून दाखवायचो. लासूर स्टेशनच्या शाळेत मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. पोरांकडून ‘गाळलेल्या जागा भरा’ घोटून घेतलं आणि स्वतः मात्र जागा गाळत बसलो. आता पुंडलिकनगरात मुलाच्या घरी बसून मुंजाबाविषयी लिहायचं म्हणतो, तर आधी हे सांगून टाकणं भाग आहे. हे लपवून पुढचं सांगितलं तर तेही कुणी खरं धरू नये.

मुंजाबा धनगराचा. पोलीस ॲक्शन झाली त्या पावसाळ्यात, म्हणजे अठ्ठेचाळीस साली जन्मला, एवढंच त्याच्या बापाला, सूर्यभानला, सांगता येत होतं. शाळेत नाव घालताना मी सगळ्यांना लावायचो तीच एक जूनची तारीख त्यालाही लावली. पुढं ती त्याच्या पासपोर्टावर गेली. त्याच्याबद्दलचं माझं ते पहिलं खोटं, पण ते त्या काळी सगळेच मास्तर लिहायचे.

चौथीनंतर त्याची शाळा सुटली. सूर्यभान आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ, त्यात एका वर्षी रोगानं अर्धा कळप दगावला. बानाबाई पोराला घेऊन शहराला लागून असलेल्या हर्सूलला भावाकडं राहायला गेली. तिथून छावणीतल्या एका क्लबात तिला काम मिळालं, टेनिसचं कोर्ट सारवायचं. आज हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात. पण तेव्हा आपल्याकडची कोर्टं मातीची असत आणि घरच्या अंगणासारखी शेणानं सारवावी लागत. हर्सूलच्या तळ्यातला गाळ आणायचा, चाळायचा, शेणात कालवायचा आणि उकिडवं बसून हातानं सारवत मागं मागं सरकायचं. पुढं सरकलं तर ओल्यावर पाय पडतो. दहा वर्षांचा मुंजाबा आईशेजारी बसून तसाच उलटा सरकत सारवायचा.

साहेब लोक खेळायला आले की तो चेंडू आणून द्यायचा. कुणाचा जोडीदार आला नाही की समोर उभा राहायचा. सोळाव्या वर्षी क्लबानं त्याला मार्कर केलं. मार्कर म्हणजे पगारावर सभासदांशी खेळणारा माणूस. साहेबाला घाम फुटेल इतकं चांगलं खेळायचं आणि साहेब जिंकेल इतकं वाईट. खेळाचे पैसे घेतो म्हणून तेव्हाच्या नियमानं त्याला कुठल्या स्पर्धेत उतरता येत नसे. ज्यांना तो रोज शिकवायचा ते ढाली घेऊन जायचे, आणि ढालीसकट त्यांचे फोटो निघत असताना हा मागं जाळी गुंडाळत असायचा.

एकदा शिक्षकांच्या सभेला शहरात गेलो तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. म्हटलं, “मुंजाबा, तुला वाईट नाही वाटत?”

“वाटून काय करता, गुरुजी?” तो म्हणाला. “पर डोक्यावरून गेलेला चेंडू म्या मागं जाऊन कसा मारतो ते बघा एकदा. ह्या समद्यांत कुणाला येत न्हाई तसा.”

मी बघितला. बाकीचे पाठ फिरवून चेंडूमागं पळायचे. हा चेंडूवरची नजर न काढता उलट्या पावलांनी सरसर मागं जायचा, आणि पाय कुठं अडखळायचा नाही.

बहात्तर साली एक जर्मन इंजिनिअर कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. दीड वर्ष तो मुंजाबाशी रोज खेळला. परत जाऊन त्यानं आपल्या गावच्या क्लबाला सांगून मुंजाबाला बोलावून घेतलं. त्या गावाचं नाव इतकं लांब होतं की पाकिटावर एका ओळीत मावायचं नाही. सूर्यभान तोवर वारला होता. बानाबाई लासूरच्या वस्तीवर परत येऊन सहा मेंढरं राखत होती. तिनं लेकाच्या कपाळाला भंडारा लावला आणि स्टेशनवरच्या गाडीत बसवून दिलं.

दोन महिन्यांनी पहिलं पत्र आलं. ते ऐकायला सोसायटीचे चेअरमन तात्यासाहेब, शेजारची भागूबाई आणि निम्मी वस्ती माझ्या ओट्यावर जमली. आमच्या गावातला पहिला माणूस विलायतेला गेला होता, आणि तो माझा विद्यार्थी होता. मी ऐटीत पाकीट फोडलं. वाचणारा मीच हे मुंजाबाला ठाऊक होतं, म्हणून त्यानं मलाच उद्देशून लिहिलं होतं:

“सकाळी मी कोर्ट झाडतो. पाणी मारतो. इथली माती लाल विटाच्या भुकटीची आहे. दुपारी लोकायला शिकवतो. रविवारी क्लबाकडून खेळतो त्याचे पैसे भेटतात. मायला सांगा इथं पण तेच काम आहे. थंडीत जमीन फुगती आन मग खालून भेगा पडतात. मायला विचारा भेगा कशा भरायची.”

‘झाडतो’पाशी माझी जीभ अडली. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी वाचलं, “सकाळी सराव करतो. दुपारी लोकांना शिकवतो. रविवारी क्लबाकडून सामने खेळतो.” आणि कागदाची घडी घातली. इतक्या लांब जाऊन माझा विद्यार्थी झाडू मारतो हे माझ्या तोंडून निघेना. लाज त्याला नव्हती, त्यानं तर सरळ लिहिलं होतं. लाज माझी होती.

“अजून काय लिव्हलंय?” बानाबाईनं विचारलं.

“तुमची आठवण काढतो,” मी म्हणालो. तेही पत्रात होतं, फक्त असं नव्हतं.

एक खोटं बोललं की त्याला राखायला दुसरं ठेवावं लागतं. पुढच्या पत्रात त्यानं पुन्हा विचारलं, माय काय म्हणाली? त्याच्या पुढच्यात लिहिलं, मायनं सांगितलं नाई, ती माझ्यावर रागावली का? हे मी एकट्यानं वाचलं, आणि बानाबाई समोर बसलेली असताना पुढच्या ओळीवर उडी मारली. पण उत्तर तर धाडायला हवं होतं. ती सांगायची तसं मी लिहीत असे: मेंढीनं जुळी दिली, ज्वारी बरी आहे, तू जेवतोस का. त्याच्या खाली मी माझ्या मनानं एक ओळ घातली, “सारवणाचं मला आता आठवत नाही, वय झालं.” आईच्या तोंडी घातलेलं ते वाक्य मी छान वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्यानंतर त्यानं विचारणं बंद केलं.

तिकडं त्याचं आयुष्य चाललं होतं ते असं. दर वर्षी राहण्याचे कागद नव्यानं करावे लागत. क्लब खालच्या फळीतला, पण रविवारच्या सामन्यांत तो गावासाठी जिंकायचा आणि लोक त्याला नावानं हाक मारायचे. एकदाच तो एका मोठ्या शहरातल्या स्पर्धेत उतरला. पात्रतेचे तीन सामने जिंकला आणि खऱ्या स्पर्धेतला पहिलाच हरला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. त्यानं लिहिलं, “तीन जिंकले. चौथा हारलो. मायला सांगा उलट्या पावलाची सवय कामाला आली, लोकायनं टाळ्या वाजवल्या.” मी वाचलं, “स्पर्धा जिंकली.” पुढं त्याचा गुडघा गेला आणि तो नुसतं शिकवू लागला. ते मी वाचलंच नाही.

विम्बल्डन मी पत्रात घातलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं सांगतो. ते तात्यासाहेबांनी घातलं. रेडिओवर नाव ऐकून त्यांनी विचारलं, “गुरुजी, आपला मुंजाबा तिथं खेळला असंल का हो?” मी म्हणालो, असेल. पुढच्या बाजारापर्यंत त्याचं ‘खेळला’ झालं आणि पोळ्यापर्यंत ‘जिंकला’. मी कुणालाच अडवलं नाही. बानाबाई मेंढरांमागून जाताना लोक तिला थांबवून रामराम घालू लागले. ती मला म्हणायची, “लोक कायबी म्हणत्यात, गुरुजी. मला तर तो तिथं दिसभर करतो काय, तेच कळंना.”

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात मुंजाबा आला. तात्यासाहेबांनी शाळेच्या मैदानावर सत्कार ठरवला. फलक रंगवायला अर्थात मीच, कारण गावात अक्षर माझं चांगलं. ‘विम्बल्डनवीर मुंजाबा सूर्यभान यांचे हार्दिक स्वागत’. मुंजाबाला आधी गाठून चार शब्द सांगावेत म्हणून मी सकाळी स्टेशनवर गेलो, पण त्याला पाहिल्यावर ते चार शब्द सापडेनात. तो लंगडत उतरला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमचे लई उपकार. तुमी नसता तर मायचा आन माझा धागा तुटला असता.” मी त्याची पिशवी उचलली आणि चालू लागलो.

मैदानावर त्यानं फलक वाचला. दोनदा वाचला. चौथीपर्यंत मीच शिकवलेलं वाचन, ते आता उपयोगी पडत होतं. शाल, श्रीफळ, तात्यासाहेबांचं भाषण झालं आणि त्याला बोलायला उभं केलं. समोर पहिल्या रांगेत बायकांत बानाबाई बसली होती.

“तात्यासाहेब, मंडळी, मला माफ करा,” तो म्हणाला. “हे कुणी लिव्हलं ते मला ठाव न्हाई. म्या तिथं कधी खेळलो न्हाई. ते गाव बी बघितलं न्हाई. म्या एका लहान गावात कोर्ट झाडतो, पाणी मारतो, पोरायला शिकवतो. खेळायचो, आता गुडघा गेला. पत्रात समदं लिव्हत होतो.”

तात्यासाहेब खाली बघू लागले. मला वाटलं, आता बानाबाई पदरात तोंड लपवील. ती उठून उभी राहिली.

“तिथं बी कोर्ट सारवावं लागतं व्हय रं?” तिनं विचारलं. तिचा चेहरा उजळला होता. अकरा वर्षांत तिला असं मी पाहिलं नव्हतं.

“सारवत न्हाईत, माय, पर तसंच. भेगा पडत्यात. तुला किती येळा इचारलं कशा भरायच्या. तू इसरलीस.”

“म्या इसरले?” ती म्हणाली. “सारवणं? मला कवा इचारलंस बाबा?”

मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या पाठोपाठ तिनं. पत्रं कोण वाचतं हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. दोघं रागानं बघत असते तर मला बरं वाटलं असतं. मुंजाबा तर माझीच लाज वाटल्यासारखा दुसरीकडं बघू लागला.

दुपारी मी पत्रांचा गठ्ठा घेऊन वस्तीवर गेलो. ती बानाबाईनं मला जपायला दिलेली होती, म्हणजे दुसऱ्या कुणी ती कधी वाचलीच नव्हती, आणि हेही मला तेव्हाच जाणवलं. मी पहिल्यापासून वाचायला लागलो. जसं लिहिलं होतं तसं, झाडूसकट. ‘माय रागावली का’ आलं तेव्हा मी कागद खाली केला. ती म्हणाली, “वाचा.” उलट्या पावलांचं आलं तेव्हा तिनं ते दोनदा वाचायला लावलं आणि लेकाच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग तिनं उत्तरं दिली, एकेका पत्राला, मी लिहून घेतली. “भेग वरून लिंपायची न्हाई. आधी उकरायची, होती त्याच्याहून रुंद करायची, पार तळ दिसंस्तोवर. मग भरायची. वरून लिंपलं की उन्हाळ्यात परत तोंड उघडती.” मुंजाबा मान हलवत होता. माझी मान वर होत नव्हती.

तो पंधरा दिवसांनी परत गेला. जाताना माझ्या पाया पडला, पण उपकाराचं काही बोलला नाही. पत्रं पुन्हा येऊ लागली. मला वाटलं होतं आता ती दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईल, पण बानाबाई प्रत्येक पत्र घेऊन माझ्याकडंच यायची, पहिल्यासारखीच ओट्यावर बसायची. मी अक्षर न् अक्षर वाचायचो, त्याच्या चुकांसकट.

“समदं वाचलं नव्हं, गुरुजी?” ती विचारायची.

“सगळं वाचलं.”

“बरं,” म्हणून ती पत्र माझ्या हातातून घ्यायची, नीट कमरेला खोचायची आणि तडक भागूबाईच्या घरी जायची. तिथं भागूबाईची सून साळूबाई तेच पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवायची. सातवी शिकलेली होती ती, माझीच विद्यार्थिनी. अडखळत वाचायची, पण एकही ओळ गाळायची नाही.