मामांच्या अंगठ्याचं नख

काळजी करण्याची ताकद देवाने सगळ्यांना सारखी वाटायला घेतली असणार, आणि माझ्या बायकोच्या मामांपाशी आल्यावर पोतं उपडं झालं असणार. पाऊस लांबला की त्यांना पाण्याची काळजी, पडला की मुळं कुजण्याची, आणि सगळं वेळेवर झालं तर, "एवढं बरं चाललंय म्हंजे कायतरी होणार हाय, जावईबापू." पालघरच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या गावात त्यांचा पिढीजात पानमळा आहे. पान खुडायला बाकीचे लोक अंगठ्यात लोखंडी नख घालतात. मामा मात्र स्वतःच्या उजव्या अंगठ्याच्या नखानेच खुडतात. "लोखंडानं पान रागावतं," असं त्यांचं म्हणणं. आणि नेमकं तेच नख बिघडलं.

ते पिवळं पडलं, जाड झालं, टोकाकडून सुटायला लागलं. दोन पावसाळे त्यांनी हळद, लिंबू, कडुनिंबाचं तेल, जो जे सांगेल ते लावलं. मग मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. त्यांच्या घरची रीत अशी की मुलीच्या लग्नातल्या विड्याची पानं बापाने आपल्या नखाने खुडायची. सुरी चालत नाही, कात्री चालत नाही, लोखंडी नख तर नाहीच नाही. मामा जेवता जेवता अंगठा उजेडाकडे धरून बघायचे आणि मामी म्हणायच्या, "अवो, त्याला बघून बघून नजर लागंल."

मी बोईसरला कारखान्यात आहे, म्हणून इथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी रुमालात गुंडाळलेला अंगठा सोडवला आणि म्हणाल्या, "नख कुठंय?" मामांनी आदल्या दिवशी ते अगदी मुळापर्यंत कापून, घासून साफ केलं होतं. "डॉक्टरकडं असं घाण बोट घेऊन कोण येतं?" बाईंना तपासणीसाठी नखाचाच तुकडा हवा होता. आता तो वाढेपर्यंत थांबणं आलं. परतीच्या रिक्षात मामा अंगठा परत रुमालात गुंडाळत बसले.

पुढे तुकडा मिळाला, बुरशी निघाली. गोळ्या सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करायला सांगितली. "यकृत म्हंजे लिवरच ना?" असं मामांनी तीनदा विचारलं आणि घाबरून लॅबमधली तपासण्यांची सगळ्यात मोठी यादी निवडली. यकृत उत्तम निघालं. थायरॉइडचे आकडे मात्र भलतेच! घरात सुतक आल्यासारखं झालं. मामांनी मोटरपंपाची किल्ली मामींच्या हातात ठेवली आणि कुठल्या वेलाला किती पाणी ते सांगायला बसले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारखान्यात मीसुद्धा स्वतःची नखं बघत बसलो होतो.

बाईंनी अहवाल वाचला आणि शांतपणे विचारलं, "आणखी काय घेता?" मामांनी अभिमानाने पिशवी उपडी केली. कॅल्शियम, झिंक, आणि भाच्याने मोबाइलवर पाठवलेलं पाहून आणलेल्या, केस आणि नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या. त्या ते दुप्पट घेत होते. "नख लवकर याया नको?"

"अहो, या बायोटिनमुळेच रिपोर्ट चुकू शकतो. बंद करा, थोड्या दिवसांनी परत तपासू."

परत तपासलं; थायरॉइड ठणठणीत होता. बुरशीच्या गोळ्या सुरू झाल्या. बाईंनी बजावलं, "जुनं नख यानं सुधारणार नाही. नवं मुळातून यायला हवं, त्याला महिने लागतात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "लगीन थांबवता येल काय?"

लग्न थांबलं नाही. त्या सकाळी मामांच्या अंगठ्याला मुळाशी गुलाबी नख होतं आणि वर जुनाच पिवळा ठोकळा. त्यांनी पान धरलं, फाटलं. दुसरं धरलं, तेही फाटलं. आम्ही सगळे वेलांच्या सावलीत चोरासारखे उभे. मग मेंदी लावलेली नवरी पुढे आली. "बाबा, मी खुडू?" मामांनी फाटलेली पानं बाजूला ठेवली. मग टोपली धरून तिच्यामागे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "देठ लांब ठेव, बाय."

गेल्या आठवड्यात ते आमच्याकडे आले. दारातच अंगठा वर केला. नख पुरतं आलं होतं, गुलाबी आणि गुळगुळीत. मला खरंच भरून आलं. मी म्हटलं, "मामा, आता कसली काळजी?"

त्यांनी पिशवीतून पानांची जुडी काढली, त्याच नखाने खुडलेली, आणि माझ्या हातात दिली. "पोर तिकडं सासरी पुण्याला पानं इकत घेते म्हणं," ते म्हणाले. "ताजी असतील काय हो?"