दोन सीलांची तोंडे

बहिरू सहादू आहेर, सर्वांचे नाना. जन्म १९२३, देवळ्याजवळील एका वस्तीवर. मृत्यू १९८६, नाशिक येथे. व्यवसाय इंजिनदुरुस्तीचा.

कांद्याच्या मळ्यांतील डिझेल इंजिने उघडता-जोडता त्यांचा हात बसला होता. १९६१ साली त्यांनी नाशिकच्या गंगापूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्तीचे दुकान थाटले. नानांनी हात लावलेले इंजिन पुन्हा तेल गाळत नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती नानांनी जिवापाड जपली होती.

१९७७ च्या जानेवारीत यादव गांगुर्डे हा बोटचालक खांद्यावर एक मोटर घेऊन दुकानात आला. धरणाच्या जलाशयावर एका सरकारी खात्याची बोट होती. तिच्या मागे लावायची ही मोटर; चालताना हिची गिअरपेटी पाण्याखाली असे. सोबत कार्यालयाची चिठ्ठी होती : ‘गिअरपेटीत गळती. दुरुस्त करून मिळावी.’ पेटीतील जुने तेल कोणीतरी आधीच ओतून टाकले होते.

“नाना, तुम्ही मळ्यातले मिस्त्री. पाण्यातलं यंत्र झेपेल ना?” यादवने डिवचले.

“अरे, जमिनीवर काय आणि पाण्यात काय, तेल ते तेलच. तू बस, चहा पी आणि तोंड बंद ठेव.”

नानांनी बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा ओढून काढला. दांड्याभोवती मासेमारीचा दोरा गुंडाळला गेला होता आणि त्याने सीलांचे, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्यांचे, ओठ कापले होते. सील दोन होते, एकामागे एक. एकाचे तोंड, म्हणजे ओठाची बाजू, आत होते, दुसऱ्याचे बाहेर. नाना हसले.

“बघ, आधीच्या शहाण्याने एक सील उलटा ठोकलाय. मग गळेल नाही तर काय होईल?”

त्यांनी दोन्ही नवे सील तोंडे आत करून बसवले. शेतातल्या इंजिनाला तेल अडवण्यासाठी बसवतात तसे. मग पेटीत सायकलच्या पंपाने हवा भरून ती पिंपात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. नानांनी समाधानाने हात पुसले आणि नवे तेल भरले.

जुलैमध्ये भर वाऱ्यात, जलाशयाच्या मध्यावर ती मोटर अडकली. बोट वाहत जाऊन खडकांवर आदळली. बोट फुटली आणि पाणी मोजणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा पाय मांडीत मोडला. चौकशीसाठी पेटी उघडायला नानांनाच बोलावण्यात आले.

झाकण काढताच आतून दुधासारखे पांढरे, गंजाने तांबूस झालेले पाणीमिश्रित तेल वाहू लागले. गिअरचे दाते झिजून एकमेकांत रुतले होते. नानांनी सील बाहेर काढून उजेडात धरले. ते अखंड होते. त्यांवर साधा ओरखडाही नव्हता. नानांना तेव्हा उमगले. आतून हवेचा रेटा आला तेव्हा ते ओठ दांड्याला घट्ट बिलगले होते. बाहेरून पाण्याचा रेटा येताच तेच ओठ उचलले गेले होते. बाहेर तोंड केलेला सील पाणी अडवण्यासाठीच होता. चिठ्ठीतील ‘गळती’ म्हणजे तेल बाहेर जाणे नव्हते, पाणी आत येणे होते.

चौकशी अधिकाऱ्याने विचारले, “मिस्त्री, सील खराब होते का?”

“नाही साहेब. सील चांगले होते.”

हे उत्तर अक्षरशः खरे होते. अधिकाऱ्याने ते उतरवून घेतले आणि दोष चालकावर आला : यादवने वेळोवेळी तेल तपासले नाही, हा निष्काळजीपणा. यादवला काढून टाकण्यात आले.

बाहेर व्हरांड्यात यादवने नानांचे हात हातात घेतले. “नाना, तुम्ही खरं तेच बोललात. माझंच चुकलं असंल. तेलाचा स्क्रू म्या कधी उघडलाच नाय.”

नानांनी हात सोडवून घेतले. खरे काय ते त्या क्षणीच बोलायला हवे होते. यादव सिन्नरच्या कारखान्यांच्या वसाहतीत पहारेकरी झाला. नाशिकला आला की तो दुकानात डोकवायचा. नाना चहा मागवायचे आणि दुसराच विषय काढायचे. त्यानंतर बोटीची मोटर म्हटली की ते गिऱ्हाइकाला परत धाडीत.

१९८४ च्या हिवाळ्यात यादव खोकल्याने गेला. दशक्रियेला गोदाघाटावर नाना उभे होते आणि कावळा पिंडाला शिवत नव्हता. यादवची बायको लंकाबाई हात जोडून म्हणत होती, “पोरांचं मी बघीन, घराचं मी बघीन, अजून काय राहिलंय तुमचं?” नानांनी पुढे व्हायला पाऊल उचलले आणि मागे घेतले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला गेला.

पंधरा दिवसांनी नानांनी सगळा प्रकार स्वहस्ते लिहिला आणि खात्यात अर्ज दिला. त्याची प्रत घेऊन ते सिन्नरला गेले आणि लंकाबाईपुढे बसून सगळे सांगितले.

तिने प्रत हातात घेतली. मग म्हणाली, “नाना, घाटावर चार माणसांत का नाय बोलले? हा कागूद मी कुणाला दाखवू?”

“चुकलं माझं, बाई.”

“ते मला कळलं. मालक होते तवर त्यांना कळायला पाहिजे होतं.” तिने प्रत घडी करून त्यांच्याच हातात दिली.

नानांच्या अर्जावर आवक क्रमांक पडला. प्रकरण निकाली निघाल्याचे कारकुनाने तोंडी सांगितले. लेखी उत्तर नाना जाईपर्यंत आले नाही आणि पुढेही आले नाही. यादवच्या सेवापुस्तकातील निष्काळजीपणाचा शेरा कायम आहे.