शिंपल्यांची शेवटची खिडकी

वसईकडच्या आमच्या गावच्या चर्चमध्ये पाऊल टाकले आणि ओल्या सिमेंटचा वास नाकात शिरला. पोर्तुगीज काळातल्या या भिंती. पुढच्या पिढ्यांनी मनोरा चढवला, ओसरी जोडली, पण चुन्याच्या गिलाव्याला श्वास घेऊ दिला. आता त्यावर न्हाणीघरातल्या चकचकीत फरशा चिकटल्या होत्या. खिडक्यांतून पूर्वी काचेऐवजी बसवलेल्या पातळ शिंपल्यांमधून सायीसारखा उजेड पाझरे. तिथे निळ्या काचा आल्या होत्या, आणि मरियामातेचा चेहरा बुडालेल्या माणसासारखा निळसर दिसत होता.

शिंपल्यांची एकच खिडकी उरली होती. आई तिच्याखालीच गुडघे टेकून जपमाळ ओढायची.

‘‘पास्कूमामा, एवढी तरी राहू द्या,’’ मी सुतारमामांना विनवले.

‘‘अगं बाय, शिंपल्यावर दात्याचं नाव कुठे कोरणार? काचेवर बघ कसं उठून दिसतं!’’ त्यांनी खिडकीच्या चौकटीत पटाशी सरकवली. ‘‘आणि ही काच तर तुझ्या भावानेच दिलीय, आईच्या नावाने.’’

शिंपले कडकड तुटत खाली पडले. काच बसली. सोनेरी अक्षरांतल्या आईच्या नावाभोवतून निळा उजेड माझ्या हातांवर सांडला, आणि मी ते पदराला पुसू लागले.