एकाच रेषेत उभे ठिपके

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी केळापूरजवळच्या प्रयोगाच्या शेतात आमचं यंत्र दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवायचं. संगणकावर आलेख काढला, तर चार-चार ठिपके एकाच वेळेवर उभे! माझा संशय थेट शेताच्या राखणदारावर, यंत्राशी त्यानंच काही खेळ केला असणार. आठवडाभर त्याला फैलावर घेतलं.

"म्या हातई नाई लावला, साहेब," तो शांतपणे म्हणायचा. त्या शांतपणामुळे तर तो मला जास्तच लबाड वाटला.

शेवटी कळलं, यंत्र वेळ १९७० सालापासूनच्या सेकंदांत लिहायचं, आणि तो आकडा इतका लांबलचक होता की आलेखाचं सॉफ्टवेअर त्यातले शेवटचे आकडे गिळत होतं. प्रत्येक वेळेतून पहिल्या नोंदीची वेळ वजा केली, आकडे लहान झाले आणि ठिपके सुटे झाले.

राखणदाराला सांगितलं, चूक सॉफ्टवेअरची होती.

"मले आठ दिवस इचारलं तुमी," तो म्हणाला, "त्याले एक डाव तरी इचारलं काय?"