अकरा घरांच्या सुमनताई

सुमनताई सर्व्हरच्या सेटिंगची फाईल मोठ्यानं वाचायच्या. स्क्रीनला बोट लावून, वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न गाळता. एखादा स्वल्पविराम बदलायचा असला तरी आधी अख्खी फाईल वाचून व्हायची, आणि ती फाईल चांगली चारशे ओळींची होती. पुण्यातली नोकरी सोडून मी कर्जतला घरी परतलो आणि वेबसाइट सांभाळणाऱ्या या छोट्या कंपनीत रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी हा पाठ कानावर पडला. माझ्या गाठीला आठ वर्षांचा अनुभव, त्यामुळे शहाणपणा शिकवायची घाई होतीच.

"ताई, यात शोधायची सोय असते. शब्द टाकला की नेमकी ओळ सापडते," मी म्हणालो.

बोट न हलवता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ठाऊक हाय तेच शोधता येतं रं समीर. ठाऊक नाय ते वाचावंच लागतं." आणि पुढची ओळ सुरू.

ताई पोशीरच्या. सासर-माहेर दोन्ही भातशेतीवालं. कर्जतला एका टायपिंगच्या दुकानात कामाला लागल्या, दुकानात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा मालक घाबरला, ह्या नाही घाबरल्या. पुढचं सगळं विचारून, वाचून आणि बिघडवून शिकलेल्या. उकाड्यातही एसीपायी अंगात स्वेटर, टेबलावर गार झालेला चहा. 'ऑटोमॅटिक' या शब्दावर त्यांचा मनापासून राग होता. "आपोआप झालं म्हंजे कुणी केलं ते सांगा," असं त्या कंपनीच्या मालकालाही विचारायच्या. आमच्यासारख्या कर्जतच्या जुन्या घराण्यांतून आलेल्यांना बाई जरा अडाणी वाटायच्या, हे कबूल करायला आज लाज वाटते.

आमच्या एका सर्व्हरवर अकरा वेबसाइट होत्या. फाईलमध्ये प्रत्येक साइटचा वेगळा कप्पा असतो, ताई त्याला घर म्हणायच्या. घरात लिहिलेली सूचना त्या घरापुरती. पण फाईलच्या माथ्यावर, सगळ्या घरांबाहेर जे लिहिलेलं असतं ते सर्वांना लागू होतं. ज्या घरात त्याच गोष्टीची स्वतःची ओळ असेल तेवढंच घर त्यातून सुटतं. ह्या माथ्यावरच्या भागाला ताईंनी अंगण असं नाव दिलं होतं. कुणी काहीही बदलायला घेतलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "घरातलं का अंगणातलं?" मी वैतागून 'घरातलं' म्हणायचो आणि मोकळा व्हायचो.

त्या अकरांतलं सर्वांत जुनं घर डोळ्यांच्या एका संस्थेचं होतं. चौकला त्यांचं छोटं ऑफिस. कविता नावाची चौकचीच मुलगी तिथं नव्यानं नोकरीला लागलेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावोगावच्या म्हाताऱ्यांची नावं साइटवर नोंदवायची, ठरलेल्या दिवशी संस्थेची गाडी त्यांना न्यायची, असं काम. एकदा गाडीच्या दिवशी कडावचे आठ-नऊ जण पिशव्या घेऊन येऊन बसले आणि यादीत एकाचंही नाव नव्हतं. आठवड्यानं पोशीरच्या लोकांचं तेच. कविता रडकुंडीला येऊन सांगत होती की मी स्वतः नावं टाकली, 'नोंद झाली' असं उत्तरही आलं. कोण ऐकतंय. हिनं आपल्या नात्यातल्यांना पुढं काढायला बाकीच्यांची नावं उडवली, अशी बोलवा कडावपर्यंत पोचली. संस्थेच्या अध्यक्षांनी तिला शनिवारपर्यंतची मुदत दिली आणि आम्हाला विचारलं, तुमच्याकडून काही गडबड आहे का.

मी आमच्या ऑफिसातून साइट उघडली, चार खोटी नावं टाकली, चारही यादीत आली. दहा मिनिटांत निकाल: सर्व्हर ठीक आहे, चूक नावं टाकणाऱ्याची आहे. कविता फोनवर एक वेगळंच सांगत होती. कडावच्या धोंडूबाबांना म्हणे कुणाचा तरी फोन आला, व्हेज की नॉनव्हेज असं विचारायला. बाबांना वाटलं दवाखान्यातल्या जेवणाचं विचारतायत, त्यांनी मटण सांगितलं. मी हसलो आणि ताईंनाही हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"ती पोरगी खोटं बोलत नाय असं धरून चाल. मग काय दिसतं ते बघू," म्हणाल्या आणि पर्स उचलली. आम्ही चौकला गेलो.

तिथं ताईंनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. कविताशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "नेहमी करतेस तसंच कर बाय. मी बसलेय म्हणून नीटनेटकं करू नको." कविताला ते समजायला वेळ लागला. मग तिनं पिशवीतून मोबाइल काढला. गावात जाऊन नावं घ्यायची तर कॉम्प्युटर कुठून आणणार, ती मोबाइलवरूनच टाकत होती. ऑफिसात बसून टाकलेली नावं नीट होती, गावातून टाकलेली गायब होती. ताईंनी तिचा मोबाइल हातात घेतला, साइटच्या पत्त्यापुढं कुलपाचं चित्र होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या पत्त्याला ते नव्हतं. मीही त्या जुन्याच पत्त्यानं तपासलं होतं.

"म्हंजे ह्या घराला दोन दारं हायत," ताई म्हणाल्या. फाईलमध्ये खरोखरच ह्या साइटचे दोन कप्पे होते, एक साध्या पत्त्याचा, एक कुलूपवाल्या पत्त्याचा. ताईंनी माझा लॅपटॉप उघडायला लावला आणि कविताच्या टेबलावर बसून वाचायला घेतलं, वरून, मोठ्यानं. सहाव्या ओळीला बोट थांबलं.

ती ओळ माझी होती. महिन्याभरापूर्वी मी एका फार्महाऊसची साइट चढवली होती. नोंदी कोणत्या यादीत जायच्या हे सांगणारी ओळ त्याच्या घरात लिहायची सोडून मी अंगणात लिहिली, तिथली जुनी ओळ बिनकामाची दिसली म्हणून पुसून तिच्याच जागी. ती जुनी ओळ डोळ्यांच्या संस्थेची होती. साध्या पत्त्याच्या कप्प्यात संस्थेची स्वतःची ओळ होती, कुलूपवाल्या कप्प्यात नव्हती, तो इतके दिवस अंगणातल्या ओळीवर चालत आला होता. मी ओळ बदलली आणि तेव्हापासून कवितानं मोबाइलवरून टाकलेला प्रत्येक म्हातारा थेट फार्महाऊसच्या पाहुण्यांत जाऊन बसला. आम्ही ती यादी उघडली. कडाव आणि पोशीरची सतरा माणसं तिथं होती. धोंडूबाबांच्या नावापुढं मॅनेजरनं 'नॉनव्हेज' लिहिलं होतं.

कविता टेबलावर डोकं टेकून रडली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मी ती ओळ कुणी लिहिली हे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांपुढं आम्ही बसलो. कविता दाराशी उभी होती. अध्यक्षांनी विचारलं, चूक नेमकी कुणाची. मी टेबलाकडे बघत होतो. "माझ्या हातनं झाली," ताई म्हणाल्या. "पोरीचा काडीचा दोष नाय. गावात तुमी सांगाल का आमी सांगू?" आणि खरंच कडावला जाऊन त्यांनी धोंडूबाबांच्या ओट्यावर बसून चार लोकांत सांगितलं.

येताना स्कूटरवर मी मागं बसलो होतो. म्हणालो, "ताई, ओळ माझी होती." त्या म्हणाल्या, "ओळ तुझी, फाईल माझ्या ताब्यातली. तू लिहिल्यावर मी वाचली नाय, म्हणून माझी." कर्जत जवळ आल्यावर म्हणाल्या, "पण कविताला तू सांग. तुझ्या सवडीनं सांग, पण सांग."

मला सवड झाली नाही. कविताची नोकरी राहिली, पण एकदा लागलेला बट्टा इतक्या सहज पुसला जात नाही, कडावला काही लोक अजून तिला टोमणे मारायचे. त्याचा राग तिनं ताईंवर धरला. पूर्वी काही अडलं की ताईंना फोन करायची, आता मलाच करायची, आणि ठेवताना म्हणायची, "तुमी तरी नीट काम करता." मी ते ऐकून घ्यायचो. नेरळच्या बाजारात ताई समोर आल्या तर ती दुसऱ्या गल्लीत वळायची, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. ताईंनी मला पुन्हा कधी आठवण करून दिली नाही. तेवढ्याच हट्टीपणानं त्या फाईल वाचत राहिल्या, फरक इतकाच की मी काही बदललं की मला शेजारी बसवून वाचायच्या.

गेल्या दिवाळीनंतर ताई गेल्या. ताप आला, उतरला, परत आला, आणि चार दिवसांत सगळं संपलं. दहाव्याला आमचं ऑफिस होतं, संस्थेचे अध्यक्ष होते. कविता आली नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी चौकला गेलो. "आला नाहीत तुम्ही," म्हटलं.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," ती म्हणाली. "पण मला नाय जमलं."

मग मी सांगितलं. ओळ कुणी लिहिली, कुणी पुसली, स्कूटरवर ताई काय म्हणाल्या, सगळं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं कपाट उघडून पर्स काढली. "तीन वर्षं मी त्या बाईला तोंड दाखवलं नाय," म्हणाली. "त्यांच्या घरी कोण असतं?"

"यजमान असतात."

"मग चला. तिथंही सांगा. माझ्यासमोर."

पोशीरला पोचलो तेव्हा ताईंचे यजमान ओटीवर भाताची पोती मोकळी करत होते. कविता त्यांच्या पाया पडली आणि बाजूला उभी राहिली. कविताच्या टेबलाशी आणि अध्यक्षांपुढं मी गप्प बसलो होतो, तिसऱ्यांदा तसं होऊ नये म्हणून बसायच्या आधीच बोलून टाकलं. त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

"घरी तिनं कदी तुमचं नाव घेतलं नाय," ते म्हणाले. "तिच्या हातनं चूक झाली असंच आमी समजत होतो. मी एक-दोनदा त्यावरनं तिला बोललोसुदिक."